जूनमध्ये नॉर्वे-स्वीडन-फिनलंड, सोबत सासूबाई: प्लॅन जरा तपासून द्या

वांगीभात | ११ जानेवारी, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, आता स्वतःचा धागा काढायची वेळ आली. ५ जून ते २० जून उत्तर युरोप करायचं घाटतंय. आम्ही दोघं, १४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ७१, चालायला खणखणीत पण पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याने केलेला प्लॅन असा: कोपनहेगन २ रात्री, स्टॉकहोम २, हेलसिंकी १, रोव्हानिएमी १ (सांताक्लॉजचं गाव), मग नॉर्वेत ट्रॉम्सो २, लोफोटेन १, बर्गन १, फ्लाम १, ऑस्लो १ आणि शेवटी आइसलँड ३.

प्रश्न बरेच आहेत. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? पैसे कसे न्यायचे, तीन-चार प्रकारचे क्रोन आहेत म्हणे? सासूबाईंच्या जेवणाचं काय? आणि मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात नाचणारे ते हिरवे प्रकाश) दोन्ही बघायचेत तर दोन्ही एकाच गावात दिसतील ना? एका टूर कंपनीचं कोटेशन पण आलंय, ते बघून घरात दोन दिवस कोणी बोललं नाही.

टिटवी | ११ जानेवारी, रात्री ११:०२

वांगीभात, रागावू नका पण हसून घेतलं आधी. नऊ वर्षं ऑस्लोत राहतेय त्या हक्काने सांगते.

नॉर्दर्न लाइट्स बघायला अंधार लागतो. जूनमध्ये ट्रॉम्सोला अंधारच नसतो, साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. लाइट्स सप्टेंबर ते मार्चअखेर. त्यामुळे दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा, हा निर्णय झाल्याशिवाय बाकीच्या प्लॅनला अर्थ नाही.

दुसरं म्हणजे पंधरा रात्रींत दहा मुक्काम. नकाशावर हे देश बोटाच्या पेराएवढे दिसतात पण ऑस्लो ते ट्रॉम्सो रस्त्याने १६०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा लांब, आणि अर्धा रस्ता ताशी ८० च्या मर्यादेतला. तुमच्या प्लॅनमध्ये दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरणं आहे. सासूबाई खणखणीत असतील हो, तुम्ही पाचव्या दिवशी रडाल.

माझं मत, आइसलँड काढा (तो स्वतंत्र आठ-दहा दिवसांचा देश आहे), रोव्हानिएमी काढा कारण जूनमध्ये बर्फाशिवाय सांता म्हणजे पावसाशिवाय लोणावळा, कोपनहेगन जड मनाने काढा. लोफोटेन एका रात्रीत करू नये, त्यापेक्षा न केलेलं बरं.

खडीसाखर | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

मी उलट सांगणार आहे. ७१ वर्षांचं माणूस सोबत असेल तर टूर कंपनीच बरी. आम्ही २०२३ ला आई-बाबांना घेऊन ग्रुपनेच गेलो, सकाळी उपमा, संध्याकाळी वरणभात, बॅग उचलायला माणूस. बस दारात येते. हिशोबाचं डोकं नाही. हां, फिओर्डच्या (डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) काठी बरोब्बर पंचवीस मिनिटं मिळाली आणि त्यातली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली हे खरंय.

टिटवी | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

खडीसाखर, तुझ्या शेवटच्या वाक्यानेच माझी बाजू मांडली की गं.

बंदा_रुपया | १२ जानेवारी, दुपारी १:३०

पैशांचं मी सांगतो, माझा आवडता विषय.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क तिघांचे क्रोन वेगवेगळे, फिनलंडला युरो. नोटा नेऊच नका, मी स्टॉकहोमला सहा दिवसांत एक नोट पाहिली नाही, हॉट डॉगच्या गाडीवर सुद्धा कार्ड, काही दुकानांच्या दारावर तर रोख चालणार नाही अशी पाटीच असते. फॉरेक्स कार्डात नुसते युरो भरून नॉर्वेत घासलं तर प्रत्येक वेळी क्रॉस करन्सीचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लागतो, म्हणून कार्डावर तिथलंच चलन भरता येतं का ते आधी बघा, नसेल तर विदेशी व्यवहारावर मार्कअप न लावणारं डेबिट-क्रेडिट कार्ड घ्या. मशीनने विचारलं की रुपयात की क्रोनमध्ये, तर डोळे मिटून क्रोन. रुपये दाबलं की मधला माणूस मनाला येईल तो भाव लावतो. दोन वेगळी कार्डं दोन वेगळ्या खिशात, आणि पिन पाठ पाहिजे.

ढोबळ हिशोबाला नॉर्वे-स्वीडनचे क्रोन गुणिले दहा करा, मनाची तयारी होते. साध्या रेस्टॉरंटात एक डिश २०० ते ३०० क्रोन, कॉफी ५० च्या आसपास. चौघांचं एक जेवण बाहेर म्हणजे आपल्याकडची एक लहान पार्टी. पहिल्या दोन दिवसांत गुणाकार करायचं थांबवा नाहीतर पाणी सुद्धा घशाखाली उतरणार नाही. पाण्यावरून आठवलं, बाटली विकत घ्यायची नाही, नळाचं प्यायचं, अगदी हॉटेलच्या बेसिनचं सुद्धा.

विमानतळाचं पण ऐका. ऑस्लोला फ्लायटोगेट नावाची एक्स्प्रेस दिसेल, पाट्या सगळ्या तिच्याच. त्याच स्टेशनातून वी कंपनीची साधी गाडी जाते, साधारण निम्मं भाडं आणि चार-पाच मिनिटांचा फरक. हेलसिंकीला विमानतळाखालून लोकल सुटते, अर्ध्या तासात शहर.

कोकणकडा | १२ जानेवारी, रात्री ९:५०

व्हिसा: शेंगेनच आहे सगळं, म्हणजे या सगळ्या देशांना मिळून एकच व्हिसा, नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. ज्या देशात सर्वात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. म्हणून आधी प्लॅन पक्का करा मग अर्ज. सहा महिने आधीपासून भरता येतो, जूनसाठी मार्च म्हणजे उशीर नाही पण मेची वाट बघू नका. १२ वर्षांवर फी ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, सासूबाईंचा काढताना आधीपासूनची दुखणी लपवू नका, बीपीची गोळी लिहिली नाही म्हणून क्लेम गेलेला घरात पाहिलाय.

ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस पण सुरू झालंय, पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ज्यांना उतरल्यावर लगेच दुसरं विमान धरायचंय त्यांनी मध्ये भरपूर वेळ ठेवा.

खाण्याच्या सामानाबद्दल एकच सूचना, तूप नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून चालत नाहीत. ताजा कढीपत्ता, आंबेही नाहीत. मेव्हण्याने हापूसची पेटी नेली होती, ती कस्टमवाल्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात गेली. अजूनही लग्नाकार्यात तो विषय निघतो.

वांगीभात | १३ जानेवारी, रात्री १०:३०

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रात्री घरात चर्चा झाली. लाइट्स रद्द, मध्यरात्रीचा सूर्य पक्का. मुलगा आइसलँडसाठी रुसलाय. नवरा म्हणतो टिटवीताईंना विचार मग काय करू.

सासूबाईंचा एक खास प्रश्न आहे. त्या रोज दिवेलागणीला देवाशी दिवा लावतात. सूर्य मावळणारच नाही तर दिवा कधी लावायचा?

अंबाडी | १४ जानेवारी, सकाळी ७:२०

अगं किती गोड प्रश्न! घड्याळाने सातला लावायचा, पण हॉटेलात ज्योत नको हां, धूर ओळखणारा भोंगा असतो. सेलवर चालणारी समई मिळते ती न्या.

भोंग्यावरून सांगते. आम्ही नॉर्वेत हुत्ते म्हणजे लाकडी केबिन घेतली होती, स्वयंपाकघर असलेली. यांना वरणाला फोडणी पाहिजे. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि तो भोंगा असा काही कोकलायला लागला की शेजारचं जर्मन कुटुंब मुलांना कडेवर घेऊन बाहेर. पुढचे चार दिवस आम्ही मान खाली घालून चाललो. फोडणी करायची तर खिडकी सताड उघडी, पंखा फुल, आणि तेल जास्त तापवायचं नाही. हॉटेलच्या खोलीत तर अजिबात नको, अग्निशमनची गाडी आली तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

टिटवी | १४ जानेवारी, रात्री ११:४०

घ्या, नवा प्लॅन. ऑस्लो २, फ्लामच्या बाजूला हुत्तेत ३, बर्गन २, ट्रॉम्सो ३, स्टॉकहोम ३, बोटीवर १, हेलसिंकी १. नॉर्वेत दहा रात्री झाल्या म्हणजे व्हिसाचा प्रश्न पण मिटला.

ऑस्लोहून बर्गनच्या रेल्वेने मिरडालपर्यंत, तिथून फ्लामची छोटी गाडी. ही वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटर खाली उतरते. फ्लामहून गुडवांगनची बोट नेरोयफिओर्डमधून जाते, मग बसने व्हॉस, पुन्हा रेल्वेने बर्गन. हेच सगळं 'नॉर्वे इन अ नटशेल' म्हणून पॅकेजमध्ये विकतात, त्यात काही फसवणूक नाही, सोयीचं आहे, पण तीच रेल्वे, तीच बोट, तीच बस तुम्ही सुटी सुटी बुक करू शकता आणि मध्ये राहू शकता. बहुतेक लोक हे एका दिवसात उरकतात, सकाळी ऑस्लो रात्री बर्गन. तुम्ही तीन रात्री राहताय म्हणजे दुपारी क्रूझची गर्दी उतरली की मागे टेकडीवर निघून जायचं आणि संध्याकाळी पाच नंतर गाव तुमचंच. रेल्वेची तिकिटं लवकर काढाल तितकी स्वस्त, साधारण तीन महिने आधी खुली होतात, कॅलेंडरला गजर लावा. सासूबाईंसाठी ६७ वर्षांवरची सवलत निवडायला विसरू नका, त्याला इथलं नागरिक असावं लागत नाही, वय दाखवलं की झालं.

हुत्ते बुक करताना बारीक अक्षरं वाचा. चादरी-टॉवेल बऱ्याच ठिकाणी भाड्यात धरत नाहीत, आणि निघताना झाडलोट स्वतः करायची नाहीतर साफसफाईचे वेगळे पैसे.

आता खरा सापळा. ७ जूनला रविवार आहे, त्याच दिवशी तुम्ही फ्लामला पोचताय. नॉर्वेत रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारीच ऑस्लोत किवी किंवा रेमा १००० या दुकानांतून दोन दिवसांचा शिधा भरून घ्या.

खडीसाखर | १५ जानेवारी, सकाळी ९:०५

शिधा भरून घ्या!! सुट्टी आहे की मोहीम?

टिटवी | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

मोहीमच. पण स्वतःची.

रानमेवा | १५ जानेवारी, दुपारी ४:१५

शाकाहाराचं मी लिहितो, आमच्याकडे चौघेही शाकाहारी, गोथेनबर्गला सहा वर्षं काढली.

सुपरमार्केट हेच तुमचं अन्नछत्र. डबाबंद काबुली चणे, राजमा, टॉर्टिया (ही तुमची पोळी, नॉर्वेत लोक शुक्रवारी टॅको खातात त्यामुळे टॉर्टियाचं कपाट भिंतभर असतं), गोठवलेला मटार-पालक, बासमती, नारळाचं दूध सगळं मिळतं. नॉर्वेत लोंपे म्हणून बटाट्याची मऊ पातळ पोळी मिळते, त्यांच्याकडे तिच्यात सॉसेज गुंडाळतात, आम्ही बटाट्याची भाजी गुंडाळायचो. बटाट्याच्या पोळीत बटाट्याची भाजी, पण छान लागते. लोंपेच्या पाकिटावरचे घटक वाचा, बहुतेकांत बटाटा, पीठ, मीठ एवढंच असतं. अंड्याला नॉर्वेजियनमध्ये एग, स्वीडिशमध्ये एग्ग, फिनिशमध्ये मात्र मुना. जेली आणि मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं तेवढं बघा.

दुधाच्या कपाटापाशी सावध! नॉर्वेत कुल्तुरमेल्क आणि स्वीडनमध्ये फिलम्योल्क, डबा अगदी दुधासारखा, आत ताकासारखं आंबट घट्ट. पहिल्या सकाळी मी चहात ओतलं, बायको आजही पाहुण्यांना सांगते. कढीला मात्र यासारखं काही नाही.

स्वीडन-फिनलंडला बाहेर जेवायचंच असेल तर दुपारी जेवा. अकरा ते दोन लंचचा वेगळा दर असतो, त्यात सॅलड, पाव, कॉफी धरलेली असते, रात्री तोच पदार्थ बराच महाग. फलाफलची दुकानं गल्लोगल्ली आहेत. हॉटेल घेताना नाश्ता धरलेलं घ्या, तिकडचा नाश्ता म्हणजे जेवणच, दोनपर्यंत भूक लागत नाही.

हिवाळी_पाखरू | १६ जानेवारी, रात्री १२:२५

धाग्याच्या मालकीणबाईंना लागू नाही पण जे हिवाळ्यात जाणारेत त्यांच्यासाठी. आम्ही फेब्रुवारीत ट्रॉम्सोला चार रात्री गेलो. तीन रात्री ढग. चौथ्या रात्री बसवाला दोन तास आत फिनलंडच्या हद्दीकडे घेऊन गेला आणि तिथे दिसले, तेव्हा चार रात्री हा किमान आकडा धरा. स्वीडनचं अबिस्को जास्त कोरडं, डोंगरांच्या आडोशामुळे तिथे आकाश मोकळं मिळायची शक्यता जास्त, स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीने जाता येतं. बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथेच विकत घ्या, ब्रोडर म्हणतात, ट्रॉम्सोच्या आज्या तेच लावून तुरुतुरु पळत असतात आणि आपण महागडे बूट घालून सपशेल आडवे. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत ५० टक्के बॅटरी असलेला फोन सरळ बंद पडतो. कपडे तीन थरांत, आतला थर लोकरीचा. सुती बनियन घामाने भिजला की वाळत नाही आणि मग काहीही घाला, हुडहुडी जात नाही.

वांगीभात | १६ जानेवारी, सकाळी १०:१०

जूनमध्ये पण लोकरीचं लागेल का हो?

टिटवी | १६ जानेवारी, सकाळी १०:५५

ट्रॉम्सोला जूनमध्ये ५ अंश पण असू शकतं आणि १८ पण, एकाच दिवशी. एक पातळ लोकरीचा थर, एक फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. बर्गनला वर्षात दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो, छत्री वाऱ्याने उलटी होते, रेनकोटच. कोकणातलं माणूस असाल तर घरी आल्यासारखं वाटेल. डोळ्यांवरची पट्टी प्रत्येकाला एक, रात्री दोन वाजता लख्ख ऊन असतं आणि पडदे नेहमीच नीट मिटत नाहीत. हवामान यर नावाच्या ॲपवर बघा, नॉर्वेच्या हवामान खात्याचाच अंदाज असतो त्यात.

डोंगरवाट | १७ जानेवारी, रात्री ८:००

गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे का? असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. दिवसासुद्धा हेडलाइट चालू हा कायदा आहे. रक्तातल्या दारूची मर्यादा हजारी ०.२, म्हणजे एक बिअरसुद्धा नको. वेगाचा दंड ऐकून मी बायकोला सांगितलंच नाही. आणि गूगल जो वेळ दाखवतो त्याच्या सव्वापट धरा, फेरीबोटी येतात, बकऱ्या येतात, आणि दर वळणावर थांबावंसं वाटतं. लेर्डालचा बोगदा २४.५ किलोमीटर लांब आहे, मध्ये ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून निळ्या उजेडाच्या गुहा केल्यात. आमच्या सौंनी आख्खा बोगदा रामरक्षा म्हटली.

तरी वरच्या प्लॅनला गाडी लागत नाही असं माझं मत. रेल्वे-बोटीने जास्त छान होतं.

फिनचाळ | १७ जानेवारी, रात्री ११:१५

हेलसिंकीकर हजर. एक गोष्ट कोणीच बोललं नाही. १९ जून शुक्रवार म्हणजे युहानुसची, म्हणजे मिडसमर या उन्हाळी सणाची, पूर्वसंध्या. त्या दिवशी हेलसिंकी रिकामं होतं, सगळे आपापल्या तळ्याकाठच्या झोपडीत. दुकानं दुपारीच आवरती घेतात, काही उघडतच नाहीत. स्वीडनमध्येही तेच. घाबरू नका, उलट संधी आहे, सेउरासारी बेटावर त्या संध्याकाळी मोठ्या शेकोट्या पेटवतात, काठावर बसून बघायच्या. तिकीट आधी काढा आणि खायचं सोबत घ्या. बोटीचं तिकीट मात्र आत्ताच काढा, त्या आठवड्यात भरलेली असते.

बोट स्टॉकहोमहून संध्याकाळी सुटते, सकाळी दहाच्या सुमारास हेलसिंकी. पहिले दोन-तीन तास केबिनमध्ये बसू नका, डेकवर जा, हजारो बेटांमधून वाट काढत जाते. मध्यरात्रीच्या सुमारास ओलांड बेटांवरच्या मारिएहाम्न बंदरात थांबते कारण तिथे थांबलं की बोटीवर करमुक्त दारू विकता येते, अर्धी जनता त्यासाठीच चढलेली असते. झोप हवी तर नाइटक्लबच्या वरची केबिन टाळा. आणि घड्याळ एक तास पुढे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या युरोपात टॉयलेट पेपरवर दिवस काढून आलेल्या भारतीय माणसासाठी फिनलंड म्हणजे माहेर आहे, घराघरांत आणि बऱ्याच हॉटेलांत कमोडशेजारी हातातला फवारा असतो. मी इथे स्थायिक व्हायचं एक कारण ते आहे असं आई म्हणते, मी नाकारत नाही.

अंबाडी | १८ जानेवारी, सकाळी ७:४५

फिनचाळ 😂 सासूबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवा, सगळ्यात आधी हेलसिंकी बुक होईल.

बंदा_रुपया | १८ जानेवारी, सकाळी ११:२०

स्टॉकहोमला फुकटातली करमणूक लिहायची राहिली, मेट्रोची स्टेशनं. शंभरपैकी नव्वदच्या वर स्टेशनांत चित्रं-शिल्पं आहेत, एक तिकीट ७५ मिनिटं चालतं तेवढ्यात उतरत-चढत पाच-सहा बघून होतात. वासा म्युझियम मात्र पैसे देऊन बघाच. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बंदराबाहेर पडता पडता बुडालेलं जहाज, १९६१ मध्ये वर काढलं, आख्खंच्या आख्खं उभं आहे. १८ वर्षांखाली फुकट. हेलसिंकीला ओडी नावाच्या वाचनालयात पाय मोकळे करा, सार्वजनिक आहे, स्वच्छतागृह फुकट. एरवी स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पण कार्ड घासावं लागतं.

पोराला बाटल्या गोळा करायला लावा. नॉर्वेत पेयांच्या बहुतेक डबा-बाटल्यांवर २ किंवा ३ क्रोन ठेव असते, पांट म्हणतात, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की पावती येते.

वांगीभात | ५ जुलै, रात्री ९:३५

आलो परत! धागा वर आणतेय कारण तुम्हा लोकांना हिशोब द्यायला हवा.

टिटवीताईंचा प्लॅन जसाच्या तसा केला. ऑस्लोला ठसे-फोटो झाले, सासूबाईंची बोटं मशीनला दिसेचनात, आयुष्यभर भांडी घासलेली बोटं, शेवटी तिथल्या मुलीने क्रीम दिलं तेव्हा उमटली. शनिवारी शिधा भरला (खडीसाखर, हो, मोहीमच झाली) आणि रविवारी फ्लामला पोचलो तर खरंच सगळं सामसूम, आमच्या पिशवीत टॉर्टिया, चणे आणि घरून नेलेला मेतकूट-गोडा मसाला. फोडणी खिडकी उघडून केली, भोंगा गप्प राहिला.

फ्लामच्या गाडीने मध्ये एका धबधब्यापाशी सगळ्यांना उतरवलं, क्योसफोसेन म्हणतात. एकदम गाणं सुरू झालं आणि लाल कपड्यातली बाई कड्यावर नाचताना दिसली, मग गायब, मग दुसऱ्याच कड्यावर. ती हुल्द्रा, त्यांच्या लोककथेतली रानातली बाई, माणसांना भुलवून नेते म्हणे, उन्हाळ्यात कलाकार उभे करतात. सासूबाई माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "आसरा आहे गं ही, बघत राहू नकोस." आमच्या गावच्या डोहावर साती आसरांची जागा आहे, त्यांना त्यात काही नवल वाटलंच नाही.

बर्गनला दोन दिवस पाऊस, दोन्ही दिवस. ट्रॉम्सोला पहिल्या दोन रात्री ढग होते, तिसऱ्या रात्री साडेअकराला केबल कारने वर गेलो, ४२१ मीटरवर. सूर्य खाली येतो येतो आणि टेकायच्या आधी आडवा सरकून परत वर जातो. लोक गप्प उभे होते. शेजारी चढून येणाऱ्यांसाठी दगडी पायऱ्या आहेत, बाराशेच्या आसपास, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या, मुलगा दुसऱ्या दिवशी त्यांवरून धावत गेला. सासूबाईंनी सेलची समई पर्समधून काढली आणि कठड्यावर ठेवून लावली. मी घड्याळ बघितलं, बारा वाजून चार मिनिटं. म्हणाल्या, आता इथे यापेक्षा जास्त काय मावळायचं.

चुका: रेल्वेची तिकिटं काढायला आम्ही तीन आठवडे उशीर केला, त्यात बरेच गेले. बॅगा चार होत्या, दोन पुरल्या असत्या, स्टॉकहोमच्या जुन्या गावातल्या दगडी रस्त्यांवर चाकं मोडली. ट्रॉम्सोला तीन रात्री नसत्या तर सूर्य हुकलाच असता. बाहेर पाचच वेळा जेवलो. मुलाने पांटचे ७४ क्रोन कमावले आणि चॉकलेटात उडवले. सेउरासारीची शेकोटी पेटली तेव्हा सासूबाईंनी बोंब मारायची हौस कशीबशी आवरली, नवऱ्याने नाही आवरली.

फिनचाळ | ५ जुलै, रात्री १०:०५

म्हणजे ते तुमचे मिस्टर होते होय.

आणि फवारा?

वांगीभात | ५ जुलै, रात्री १०:२०

सासूबाई म्हणाल्या, शेवटचा देश बरोबर निवडलात.

रानमेवा | ६ जुलै, सकाळी ८:३०

ब्रुनोस्ट खाल्लं का? ते तपकिरी चीज?

वांगीभात | ६ जुलै, दुपारी १२:४५

अहो खाल्लं काय, आणलंय! बासुंदीचं पातेलं खाली लागल्यावर खरवडून खातो ना, डिट्टो ती चव. नवऱ्याने ऑफिसात नेलं तर कोणी हात लावेना. अर्धा किलोचा ठोकळा फ्रिजमध्ये पडून होता, काल सासूबाईंनी किसून शिऱ्यात घातला. साखर निम्मी लागते, लिहून ठेवा.